गाइडबरोबर आल्प्समधलं पहिलं चारहजारी शिखर: ग्रान पारादिझो की थेट माँ ब्लाँ?

अभिजित_चिंचवडकर

नमस्कार मंडळी,

इथले ट्रेकचे धागे बरेच दिवस वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. मी मूळचा चिंचवडचा, नोकरीमुळे सध्या स्टुटगार्टला. पुण्यात होतो तेव्हा शनिवार-रविवार डोंगरातच जायचे. राजगड-तोरणा, नळीची वाट, अलंग-मदन-कुलंग असं बऱ्यापैकी झालंय. हिमालयात रूपिन पास (४६५० मीटर) केलाय. इकडे आल्यावर पळायलाही लागलो, हाफ मॅरेथॉन दोन तासांच्या आत होते. बर्फावर दोर बांधून मात्र कधी चाललेलो नाही.

ऑगस्टमध्ये आम्ही चौघं आल्प्समधलं एखादं शिखर करायचं म्हणतोय. मी, ऑफिसातले दोघे जर्मन आणि म्युनिकला असणारा माझा कोथरूडचा मित्र. दोन पर्याय आहेत. एका एजन्सीची माँ ब्लाँची तीन दिवसांची सहल आहे, 'पूर्वानुभवाची गरज नाही' असं लिहिलंय. दुसऱ्या एजन्सीची ग्रान पारादिझो (४०६१ मीटर), दोन दिवस, एक गाइड आणि पाच जण. म्हणजे आमच्या चौघांत ते अजून एकाला घालणार.

माझा साधा प्रश्न असा: साडेचार हजारांच्या वर जाऊन आलोय, तर ४०६१ ची काळजी करायचं कारण आहे का? की सरळ माँ ब्लाँच करावं? एका गाइडमागे पाच जण ठीक असतात का? आणि मी शाकाहारी आहे, हटवर (डोंगरातलं मुक्कामाचं घर) जेवणाचं काय होतं?

आईला तूर्त 'ट्रेकला जातोय' एवढंच सांगितलंय.

गडकोट_भटका

अरे मित्रा, इतक्या लांब गेलायस तर माँ ब्लाँच कर! ग्रान पारादिझो कुणाला माहीत आहे? परत आल्यावर सांगशील काय लोकांना? रूपिन पास केलेल्या माणसाला युरोपातल्या डोंगराचं काय एवढं. गाइड असतोच की बरोबर, तो नेतो वर. फोटो टाक इथे नक्की.

सुमेधा_ग्रनोबल

अभिजित, उंची जरा बाजूला ठेव. तुझ्या दोरावर कोण कोण असणार ते आधी बघ. नेमकं तेच तू एका ओळीत उरकलंयस.

मी मूळची साताऱ्याची, गेली बरीच वर्षं फ्रान्समध्ये ग्रनोबलला आहे. ग्रान पारादिझो गाइडबरोबरही केलंय आणि नंतर इथल्या क्लबच्या लोकांबरोबरही. त्यामुळे जे पाहिलंय तेवढंच लिहिते. लांबेल, चहा घेऊन बस.

हिमनदीवर गाइड आणि त्याची माणसं एकाच दोरात बांधलेली असतात. वरून सपाट दिसणाऱ्या बर्फाखाली भेगा असतात. कुणाचा पाय आत गेला तर बाकीच्यांच्या वजनावर तो अडकावा, यासाठी ही बांधाबांध. आता हेच उलटीकडून बघ. साडेतीन हजारांवर तुमच्यातल्या एकाचं डोकं ठणकायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, तर अख्खा दोर खाली येतो. हरिश्चंद्रगडावर एखादा दमला की आपण त्याला टपरीवर लिंबू सरबत देऊन बसवतो आणि बाकीचे कोकणकडा बघून येतात. इथे ती सोय नाही. भेगांच्या मधोमध कुणाला एकटं बसवून 'येताना घेतो' म्हणणारा गाइड भेटलाच, तर त्याच्याबरोबर पुढे जाऊ नये.

म्हणून एका गाइडमागे पाच माणसं हा माझ्या मते पैशाचा हिशेब आहे. ग्रान पारादिझोला चार-पाच जण नेतात, त्यात नियमबाह्य काही नाही. पण पाचांतल्या सगळ्यात कच्च्या माणसाच्या दमावर तुमचा दिवस ठरतो. तुझे जर्मन मित्र कसे आहेत तुला ठाऊक असेल. तो पाचवा कोण, हे कुणालाच ठाऊक नाही. माझ्या दोरावर एकदा असेच एक गृहस्थ होते. मॅरेथॉन पळणारे, आमच्या सगळ्यांत फिट. पहिला तास त्यांना गाइडची चाल इतकी हळू वाटली की मागून सारखे पुढच्याच्या जवळ यायचे, दोर ढिला पडायचा. गाइडने दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा थांबला, मागे येऊन त्यांना आपल्या लगेच मागे बांधलं आणि एक अक्षर न बोलता पुढे चालू लागला. ३७०० च्या आसपास तेच गृहस्थ सगळ्यात आधी फुटले. शिखर झालं त्यांचं, पण दर वीस पावलांवर आम्ही सगळे उभे.

ही चाल तुला सगळ्यात जड जाणार, पळणारा आहेस म्हणून सांगते. आपली सह्याद्रीतली सवय काय? दणादण चढायचं, धाप लागली की कातळावर टेकायचं, काकडी, गप्पा, फोटो, पुन्हा दणादण. इथला गाइड सुरुवातीपासून अशा चालीने जातो की चालता चालता बोलता यावं, आणि ती चाल चार तास बदलत नाही. थांबे अगदी मोजके. क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे धातूचे दात) चढवायला एक, पाण्याला एखाद-दुसरा, तेही पाच-सात मिनिटांचे. त्याहून जास्त थांबलं की अंगातला घाम गार पडतो. फोटोसाठी थांबायचं असेल तर सगळ्यांनी थांबायचं, त्यामुळे कुणी थांबत नाही. मोबाइल आतल्या खिशातच राहू दे, थंडीत बॅटरी झटकन उतरते तशीही.

आता वाट. व्हालसाव्हारांश नावाच्या खोऱ्याच्या टोकाला पोन आहे, १९६० मीटर. तिथे गाडी लावायची आणि चढायला लागायचं. व्हित्तोरियो इमॅन्युएले हटपर्यंत सुमारे पावणेआठशे मीटर चढ. वाट इतकी ऐसपैस आणि नागमोडी की कुणालाही वाटावं, बांधली कुणी? तर राजेसाहेबांनी, शिकारीसाठी. १८५६ मध्ये हा मुलूख सव्हॉय राजघराण्याची, म्हणजे पुढे इटलीच्या झालेल्या राजघराण्याची, राखीव शिकारभूमी झाला. गंमत अशी की त्यामुळेच आयबेक्स नावाचे वाकड्या शिंगांचे डोंगरी बोकड इथे तग धरून राहिले, बाकी आल्प्समधून ते जवळजवळ संपलेच होते. १९२२ मध्ये इटलीतलं पहिलं राष्ट्रीय उद्यान इथेच झालं. संध्याकाळी हटच्या आसपास हे बोकड हमखास दिसतात, माणसाला अजिबात भीक घालत नाहीत.

पहाटे चारच्या सुमारास न्याहारी. डोक्याला टॉर्च लावून पहिला तासभर नुसते दगडधोंडे, एकावर एक रचल्यासारखे. हिमनदी मागे हटत चाललीय, त्यामुळे हा दगडांचा पट्टा दर वर्षी थोडा लांबतो. मग बर्फ लागतो. तिथे गाइड सगळ्यांना उभं करून क्रॅम्पॉन स्वतःच्या हाताने तपासतो. आमच्या गाइडने गुडघ्यावर बसून प्रत्येकाचा पट्टा ओढून बघितला, लोंबणारं टोक बुटात खोचलं. त्या टोकावर दुसऱ्या पायाचा दात अडकला की माणूस तोंडावर आपटतो. पुढे आल्प्समधले लोक 'गाढवाची पाठ' म्हणतात तो सोंडेसारखा उतार, मग वरचा पठारवजा भाग, आणि शेवटी खडक.

हा शेवटचा खडकच लोकांना बाहेरून दिसत नाही. वर मेरीमातेचा पांढरा पुतळा आहे, तिथे पोचायला अरुंद कड्यावरून काही पावलं टाकायची. हाताला पकड चांगली आहे, बोल्टही ठोकलेत, गाइड दोर अडकवत नेतो. पण एका बाजूला सरळ खाली. अलंग-मदन केलेल्या माणसाला ते काही अवघड नाही, तुला आवडेलही. अडचण गर्दीची. चढणारे आणि उतरणारे तिथेच एकमेकांसमोर येतात. ऑगस्टच्या शनिवारी तिथे वाऱ्यात अर्धा तास उभं राहावं लागतं आणि नेमकी तेव्हाच बोटं बधिर होतात. शक्य असेल तर मंगळवार-बुधवार गाठा. (खरं सर्वोच्च टोक पुतळ्याच्या जरा पलीकडे आहे, पण बहुतेक जण पुतळ्याशीच हात टेकून परततात. त्यावरून वाद घालणारे लोकही आहेत, त्यांना घालू दे.)

आणि उतार. लोक चढाचं विचारतात, उताराचं कुणी विचारत नाही. ४०६१ वरून त्याच दिवशी थेट पोनला उतरायचं म्हणजे २१०० मीटर. कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची अख्खी उंची १६४६ आहे, यावरून काय ते समज. तेही दुपारी मऊ झालेल्या बर्फातून, मग त्याच दगडांतून, कडक तळव्याच्या बुटांत. पळून दम वाढतो. उतरणाऱ्या मांड्या मात्र डोंगर उतरूनच तयार होतात.

रूपिन पासचं. तिथे तू चार-पाच दिवस हळूहळू उंची घेत गेलास, वाटेत मुक्काम करत. इथे शुक्रवारी स्टुटगार्टला अडीचशे मीटरवर ऑफिसात, शनिवारी २७०० वर झोपायचं (झोप लागत नाहीच) आणि रविवारी सकाळी चार हजारांवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. तुझं शरीर गेल्या वेळी काय करत होतं याची त्याला आठवण नसते. शिवाय तिथे आपल्याला स्वयंपाकी होता, तंबू लावणारे होते, सामान वाहायला खेचरं होती. इथे गाइड म्हणजे गाइड. तुझी सॅक तुझ्या पाठीवर, तुझं पाणी तू भरायचं. 'अजून किती राहिलं?' या प्रश्नाला 'बस, आलंच' असं गोड उत्तरही मिळत नाही. घड्याळ बघून आकडा सांगतात.

माँ ब्लाँबद्दल थोडक्यात: पहिलं शिखर म्हणून नको. नेहमीच्या गूते वाटेवर तेत रूस आणि गूते या दोन हटांच्या मध्ये दगडांची एक घळ आडवी ओलांडावी लागते, आणि तिच्यातून वरून दगड येत असतात. पूर्वी रात्रीच्या गारठ्यात ते दगड बर्फाने धरलेले राहायचे. आता उन्हाळाच असा पडतो की रात्रीही गोठत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये स्वित्झर्लंडच्या हवामान खात्याने शून्य अंशाची पातळी (जिच्या वर हवा शून्याखाली जाते ती उंची) ५२९८ मीटरवर नोंदवली. म्हणजे माँ ब्लाँच्या माथ्याच्याही वर! २०२२ च्या जुलैत शामोनीच्या (माँ ब्लाँच्या पायथ्याचं गाव) गाइडांनी त्या वाटेवर माणसं न्यायचंच थांबवलं होतं. २०१९ पासून हटचं आरक्षण नावानिशी असल्याशिवाय त्या वाटेवर जाऊ देत नाहीत. शामोनीचे गाइड माँ ब्लाँला दोनपेक्षा जास्त माणसं एका दोरावर घेत नाहीत, आणि आधी दोन-तीन दिवस एखाद्या दुसऱ्या शिखरावर सराव करून घेतात. ते दुसरं शिखर पुष्कळदा ग्रान पारादिझोच असतं. तीन दिवसांत, अनुभव नसलेल्यांना, असं कुणी विकत असेल तर तिसऱ्या दिवशी तुम्ही नुसते कड्याखाली उभे असाल आणि पैसे गेलेले असतील.

@गडकोट_भटका: लोकांना काय सांगायचं यासाठी शिखर निवडणारे मला घळीत भेटलेत. थांबा म्हटलं तरी थांबत नाहीत.

डोंगरयात्री_ठाणे

सुमेधाताई, छान लिहिलंय. पण मूळ मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे.

मी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतून बेसिक कोर्स केला. महिनाभर घासून घेतलं तिथे. घसरलो तर आइस अ‍ॅक्स कशी रुतवायची, भेगेत पडलेल्याला पुली लावून कसं ओढायचं, गाठी डोळे मिटून कशा मारायच्या. त्यानंतर गाइडबरोबर जायचं म्हणजे दोरीला बांधलेली शेळी व्हायचं. तो चालला की चालायचं, तो थांबला की थांबायचं. शिखर होतं, शिकणं शून्य. गाइडच भेगेत गेला तर हे पाच जण त्याला बाहेर काढणार आहेत का?

अभिजित, आधी कोर्स कर. जर्मनीत असशील तर अल्पाइन क्लबच्या (डीएव्ही) स्थानिक शाखा उन्हाळ्यात हिमनदीवर चालायचे कोर्स घेतात. मग मित्रांबरोबर स्वतःच्या जोरावर जा.

अभिजित_चिंचवडकर

बाप रे, एवढ्या सविस्तर उत्तराची अपेक्षाच नव्हती. ताई, मनापासून आभार. ऑफिसातल्या दोघांना भाषांतर करून वाचून दाखवलं, 'दर वीस पावलांवर आम्ही सगळे उभे' यावर एकजण गप्पच झाला.

माँ ब्लाँ रद्द. आता खरी अडचण सांगतो. कोथरूडचा मित्र. जिममध्ये रोज जातो, तब्येत दणकट, पण सिंहगडाच्या पुढे कधी गेलेला नाही. कल्पना त्याचीच आहे, त्यामुळे त्याला 'तू येऊ नकोस' म्हणणं फार जड जातंय. गाइड सांभाळून घेईल का?

आणि गाइड चांगला की वाईट, हे आधी कसं ओळखायचं?

सुमेधा_ग्रनोबल

आधी ठाण्याच्या डोंगरयात्रींना.

कोर्स कर हे शंभर टक्के मान्य. डीएव्हीचं सदस्यत्व तर अभिजितने उद्याच घ्यावं, कारण डोंगरातल्या बचावखर्चाचा विमा त्यातच येतो आणि इटलीतल्या क्लबच्या हटवरही मुक्कामाला सवलत मिळते. पण शेळीचं नाही पटलं. गाइडच्या मागे चालताना डोळे उघडे ठेवले तर शिकायला भरपूर असतं. आमचा गाइड एका ठिकाणी मळलेली वाट सोडून डावीकडे पन्नास पावलं वळसा घालून गेला. कुणी विचारलं नाही, मी विचारलं. त्याने काठी पुढे करून दाखवलं: वाटेवरचा बर्फ किंचित खचलेला, रंगाला जरासा करडा, एका रेषेत. खाली भेग, वर पातळ पूल. 'सकाळी धरेल. येताना अकरा वाजलेले असतील, तेव्हा मला भरवसा नाही,' म्हणाला. आणि येताना खरंच त्या रेषेत हातभर भोक पडलेलं होतं, कुणाचा तरी पाय गेला असणार. हे मला कोर्समध्ये फळ्यावर शिकवलं होतं, कळलं तिथे.

तुमचा प्रश्न मात्र बिनतोड आहे. गाइड आत गेला तर पाच नवखे काय करणार? फार काही नाही. दोर ताणून बसायचं, ११२ लावायचा, दुसऱ्या दोरावरच्या गाइडला हाक मारायची. ग्रान पारादिझोला आसपास माणसं असतात, हेच त्याचं उत्तर. म्हणून निर्जन शिखरावर एकाच गाइडबरोबर मोठा गट मी जाऊ देणार नाही.

आता अभिजित. 'गाइड सांभाळून घेईल का' याचा अर्थ तुला नीट कळावा म्हणून सांगते. गाइड तुझ्या मित्राला सांभाळेल म्हणजे त्याला घेऊन खाली येईल. तुम्हा तिघांसकट. तो वाईटपणा घ्यायला कचरत नाही, तुम्हीच कचरताय.

मित्राला ये म्हण, पण आत्तापासून. जूनपासून दर पंधरवड्याला एकदा हजार-बाराशे मीटर चढ-उताराचा एक दिवस, पाठीवर आठ किलो. म्युनिकहून आल्प्स जवळ आहेत, सबब नाही. चारदा आला तर दोरावर घ्या. दोनदाच आला तर तुम्हाला काही बोलावं लागणार नाही, तो स्वतःच म्हणेल. तरीही यायचंच म्हणाला तर हटपर्यंत येऊ दे. पोन ते हट ही साधी पायवाट आहे, समोर सिआर्फोरोनचा पांढरा सुळका, खाली तळं, दिवसभर बसून बोकड बघावेत. तुम्ही दुपारी उतराल तेव्हा त्याने सूप सांगून ठेवलेलं असेल. हा काही कमीपणा नाही.

नुसतं बर्फावर चालून बघायचं असेल तर स्वित्झर्लंडमधल्या त्सेरमाटचं ब्राइटहॉर्न (४१६४ मीटर) आहे. केबल कार सुमारे ३८०० पर्यंत नेते, पुढे चढ थोडाच. पण सकाळी केबल कारमधून उतरून लगेच चढायला लागलात तर डोकं धरतंच. उंची चढून मिळवलेली नसते ना.

गाइडबद्दल. आयएफएमजीएचा बिल्ला असतो, गोल, छातीवर किंवा सॅकवर. ती आंतरराष्ट्रीय संघटना आहे, आणि तो बिल्ला मिळायला काही वर्षांचं प्रशिक्षण आणि परीक्षा लागतात. तो आहे का, हे एजन्सीला आधी लेखी विचारायचं. 'आमचे अनुभवी लीडर' असं गुळमुळीत उत्तर आलं तर पुढे बघ. पण बिल्ला असणाऱ्यांतही फरक असतोच. मी फोनवर एकच प्रश्न विचारते: 'हवा बिघडली तर काय?' चांगला गाइड लगेच तपशिलात शिरतो. आदल्या संध्याकाळी अंदाज बघू, रात्री आकाश निरभ्र राहिलं आणि बर्फ गोठला तर जाऊ, इतक्या वाजेपर्यंत अमुक ठिकाणी नसलो तर मागे फिरू, पैशांचं असं असं. वाईट एजन्सी म्हणते, 'काळजी करू नका, शक्यतो होतंच.' एका एजन्सीने मला अगदी हेच ऐकवलं होतं, वर शिखराची हमी देणारं पोस्टर. मी फोन ठेवला.

तुम्ही चौघं आहात तर पाचवा माणूस घेऊच नका. चौघांनी मिळून गाइड घ्या, दिवसाचे पैसे त्याचे असतात, डोक्यांवर वाटले जातात. मित्र गळला तर तिघांत थोडे जास्त पडतील. ते जास्तीचे पैसे सत्कारणी लागतात असं माझं स्पष्ट मत आहे.

मीनल_देसाई_पणजी

मध्येच तोंड घालते. आम्ही दोघं गेलो होतो दोन वर्षांपूर्वी, दोघंही शाकाहारी. जेवणाचं कुणीच लिहिलं नाही म्हणून.

आरक्षण करतानाच कळवा, पोचल्यावर नव्हे. स्वयंपाकाचं सामान वर न्यायचं म्हणजे सोपं काम नाही, ऐन वेळी काही वेगळं करून मिळत नाही. संध्याकाळी सातला एकच पंगत. आम्हाला पास्ता, मग पोलेंटा (मक्याच्या पिठाची घट्ट उकड) आणि चीज, शेवटी गोड. मिनेस्त्रोने सूप भाज्यांचंच असतं पण ते कशाच्या पाण्यात केलंय ते विचारा. पहाटेची न्याहारी म्हणजे ब्रेड, जॅम, कॉफी. पोहे-उपम्याची सवय असलेल्याला ते नऊपर्यंत पुरत नाही.

मी दाण्याचे लाडू नेले होते आणि यांनी चिक्की. चिक्की थंडीत अशी झाली की दात पडायचा. पाण्याची नळीवाली पिशवी नेऊ नका, नळीत पाणी गोठतं. साधी बाटली बरी. पिण्याचं पाणी हटवर विकत घ्यावं लागलं, आणि रोख पैसे असू द्या, आमचं कार्ड चाललं नव्हतं. झोपायला ब्लँकेट देतात, पण आतली चादरीची पिशवी आपली लागते.

आणि काळा चष्मा चार नंबरच्या (सगळ्यात गडद) काचेचाच. ह्यांनी गाडी चालवायचा घातला, दोन दिवस डोळ्यांतून पाणी.

अभिजित_चिंचवडकर

मीनलताई, लाडवांचं काम आईला देतो. म्हणजे तिला सगळं सांगावं लागणार.

मित्राशी काल फोनवर बोललो. सुमेधाताईंचा प्रतिसाद जसाच्या तसा पाठवला. आधी जरा फुगला, मग म्हणाला, 'चारदा येतो, बघच.' पहिला डोंगर जूनच्या पहिल्या शनिवारी. गाइडला मेल केला आहे, मंगळवार-बुधवारच मागितलाय.

दोन शेवटचे प्रश्न. बूट विकत घ्यावे की भाड्याने? आणि डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यावी का?

सुमेधा_ग्रनोबल

बूट भाड्याने. क्रॅम्पॉन घट्ट बसायला न वाकणारा तळवा लागतो, तुझे सह्याद्रीचे बूट चालणार नाहीत. ते महाग असतात आणि एका शिखरासाठी घेऊन कपाटात ठेवण्यात अर्थ नाही. पण पोनला जाताना वाटेत घाईने उचलू नकोस. आदल्या दुपारी दुकानात जा, चढायचे मोजे घालून, आणि दुकानातल्या उतारत्या फळीवर तोंड खाली करून उभा राहा. अंगठा पुढे टेकला तर एक नंबर मोठा माग. न टेकता टाच उचलली जात असेल तर दुसरी कंपनी माग. क्रॅम्पॉन त्याच बुटावर तिथेच बसवून घ्यायचे, आणि दोन मिनिटं हातमोजे घालून पट्टे आवळून-सोडून बघायचे. पहाटे साडेपाचला अंधारात तेच करायचंय. हातमोज्यांचे दोन जोड घे, एक ओला होतोच. नाकाच्या खालच्या बाजूला क्रीम लाव, बर्फावरून ऊन खालून येतं.

डायमॉक्स मी घेत नाही, पण तो सल्ला डॉक्टरांचा, माझा नाही. त्यापेक्षा एक दिवस वाढवा. सोमवारी पोचा, हटवर दोन रात्री काढा, मधल्या दिवशी तीन हजारांपर्यंत चढून उतरा आणि तिथेच गाइडकडून क्रॅम्पॉनवर चालून घ्या. गाइडचा दिवस वाढला की बिल वाढतं, हे खरं. आणि हो, गाइडचं हटवरचं जेवण आणि मुक्काम बहुधा तुमच्याच बिलात येतो. ते एजन्सीच्या पत्रकात तळाला बारीक अक्षरात असतं, हिशेबात धरा.